कानाबाईंचा एक काना

आमच्या घरात कप फुटत नाहीत. काच तडकत नाही, दूध उतू जात नाही, खुर्ची मोडत नाही. यावरून आम्ही फार नीटनेटकी माणसं आहोत असा कुणी समज करून घेऊ नये. आठवड्याला एक कप जातोच. पण ताईसमोर 'कप फुटला' म्हणायची सोय नाही. ती हातातलं काम बाजूला ठेवते, चष्मा कपाळावर चढवते आणि अगदी शांतपणे विचारते, "फुटला? आपला आपण? कंटाळला होता का?" मग ज्याचा हात असेल त्याला म्हणावंच लागतं, 'मी फोडला.' एवढं म्हटलं की चष्मा खाली येतो. "पायात चप्पल घाल, काचा मी भरते," ती म्हणते. रागावत नाही, पुन्हा विषय काढत नाही. तिला फक्त कर्ता हवा असतो.

भावोजींनी लग्नानंतर पहिल्याच महिन्यात 'खुर्ची मोडली' असं जाहीर केलं, तेही मोडक्या खुर्चीत बसून. "मोडली की मोडलीत?" ताईने विचारलं. तेव्हापासून भावोजींनी असा धसका घेतला की एकदा शेजारच्या बाईंनी "वीज गेली का हो?" म्हणून विचारलं, तर हे घाईघाईने म्हणाले, "मी नाही घालवली."

हे वेड तिला कुठून लागलं ते आई सांगायची. आम्ही लहान असताना आईची एक निळ्या काचेची बरणी होती. तिच्या आईने दिलेली, घरातली एकमेव देखणी वस्तू. ती एका दुपारी फुटली. कशी फुटली ते आता कोण आठवत बसणार? मी सहा वर्षांची होते, ताई अकराची. ताई बरणीच्या जवळ उभी होती, म्हणून मार तिला बसला आणि वर आठवडाभराचा अबोलाही. त्यानंतर तिला 'फुटली' हा शब्दच सोसेनासा झाला.

पुढे ती नगरसभेच्या कचेरीत टंकलेखिका म्हणून लागली. मीही तिथेच, पण माझं खातं वेगळं. सभागृहाबाहेरची चहाची गाडी माझी. त्यामुळे सभेत काय बोललं गेलं ते ताईच्या कागदात असतं आणि बाहेर काय बोललं गेलं ते माझ्या कानात. कचेरीत तिला सगळे कानाबाई म्हणतात. हे नाव पडलं ते डास मारणाऱ्या पथकामुळे. म्हणजे पाडलं त्या पथकाच्या मुकादमाने, हे सांगितलेलं बरं. पथकाच्या खोलीवर रंगाऱ्याने 'डास मरणारे पथक' अशी पाटी रंगवली होती. दोन वर्षं ती तशीच होती आणि कुणाचं काही अडलं नव्हतं, कारण पथकही तसंच होतं. ताई एक दिवस स्टूल आणि रंगाची डबी घेऊन गेली आणि 'म'ला काना देऊन आली. मुकादम म्हणाला, "कानाबाई, आता आम्हाला कामाला जावं लागेल."

कान्यावर तिचं एक व्याख्यानच आहे. चहाला थांबलेल्या कुणालाही ऐकावं लागतं. "आपल्या भाषेत बघ," ती म्हणते, "घर पडलं, घर पाडलं. पीक जळलं, पीक जाळलं. यादीतून नाव गळलं, नाव गाळलं. संकट टळलं, संकट टाळलं. काना नसला की सगळं आपोआप होतं. काना दिला की लगेच माणूस आला. काना म्हणजे उभा माणूसच आहे, बघ ना, सरळ उभी रेघ." मी म्हणायचे, "ताई, चहा निवतोय." ती म्हणायची, "मीच निववतेय. दे."

आता मुद्द्यावर येते.

युद्ध संपून चार वर्षं झाली होती. युद्धात एका सकाळी बाजारामागच्या गल्लीतली तीन मजली इमारत जमीनदोस्त झाली होती आणि तीत अकरा माणसं होती. विमान शत्रूचं नव्हतं, आपलंच होतं. नेम स्टेशनजवळच्या गुदामावर होता. एवढं सगळ्यांना ठाऊक होतं आणि तरी कुठल्याच कागदावर नव्हतं. शेवटी लोकांनी फारच लावून धरलं म्हणून नगरसभेने तीन दिवसांची जाहीर चर्चा ठेवली. विषय: सामान्य नागरिकांच्या हानीची जबाबदारी. अध्यक्षांनी पहिल्याच दिवशी नियम वाचून दाखवला. इमारत पडली असेल तर प्रकरण दुरुस्ती खात्याकडे जाईल आणि तिथेच मिटेल. पाडली असेल तर चौकशी समितीकडे जाईल. तेव्हा या चर्चेतून काय ते ठरवायचं आहे. मी दारातून ताईकडे पाहिलं. तिने पेन्सिलीला टोक काढायला घेतलं होतं.

त्या इमारतीतली एक बाई रोज यायची. तळमजल्यावर तिचं बटणांचं दुकान होतं. आम्ही तिला बटणकाकू म्हणायचो. त्या सकाळी काकू माल आणायला गेली होती आणि काका दुकानात बटणं निवडत बसले होते. चार वर्षांत काकूला सगळ्या कचेऱ्यांतून एकच उत्तर मिळालं होतं: इमारत जुनी होती, पडली. काकूला या उत्तराचा फार संताप होता. "जुनी होती," ती म्हणायची, "पण पडणारी नव्हती. चार पावसाळे आधीच मी पाया भरून घेतला होता. गवंड्याला विचारा." पुरावा म्हणून ती त्या घराची एक अख्खी वीट पिशवीत घालून आणायची. आत जाताना पहारेकरी वहीत लिहायचा, 'वीट एक, आत.' जाताना लिहायचा, 'वीट एक, बाहेर.' तिसऱ्या दिवशी त्याने मला विचारलं, "ही वीट वाढत बिढत नाही ना?"

चर्चा म्हणजे काय सांगू. दोन बाजू होत्या. एकीचं म्हणणं, चूक झाली. दुसरीचं म्हणणं, चूक झालीच नाही, जे झालं ते झालं. पण दोन्ही बाजूंचं एका गोष्टीवर एकमत होतं, की कुणी काही केलेलं नव्हतं. बॉम्ब सुटला होता, दिशा चुकली होती, माणसं दगावली होती, दुःख होत होतं. एक प्राध्यापक तास-दीड तास बोलले. त्यांनी 'आनुषंगिक हानी' हा शब्द बारा वेळा वापरला. पहारेकऱ्याने बाहेर येऊन मला हळूच विचारलं, "ही अनु कोण, आणि तिच्यासंगे कोण होतं? तिला बोलवत का नाहीत?"

मग बाजारातला न्हावी उठला. तो म्हणाला, "वरून खालचं नीट दिसत नाही, हे मला मान्य आहे. मलाही मागची मान नीट दिसत नाही, तरी मी कापतो. म्हणजे केस. पण कान कापला तर 'कान कापला गेला' असं मला म्हणता येत नाही. गिऱ्हाईक खुर्चीतच बसलेलं असतं." अध्यक्षांनी हे विषयाला धरून नसल्याचं सांगितलं आणि त्याला खाली बसवलं. एक बाई म्हणाल्या, "गेलेल्यांबद्दल आम्हालाही हळहळ आहे, पण बोट दाखवायचं कुणाकडे?" काकूने बोट वर केलं. तिला सांगण्यात आलं की प्रश्न उत्तरासाठी नव्हता.

तिसऱ्या दिवशी दुपारी मेजरसाहेब बोलले. लष्करातर्फे तेच आले होते आणि त्या दिवशीच्या कामगिरीची आखणी त्यांचीच होती. माणूस वाईट नव्हता. चहा घेताना 'थँक्यू' म्हणायचा आणि कप स्वतः परत आणून द्यायचा. त्यांनी कागदावरून वाचलं, पण भराभर, एखादं औषध संपवून टाकावं तसं. हेतू नव्हता, असं ते पाच वेळा म्हणाले. जिथे हेतू नाही तिथे जबाबदार कुणाला धरायचं, असं विचारलं. आणि मग ते वाक्य आलं: "आमच्या विमानाच्या फेरीत सदर इमारत पडली." काकूने पिशवी मांडीवर घट्ट धरली. ताईची पेन्सिल चालत राहिली.

ताई सभेत लघुलिपीत लिहून घेते आणि मग आपल्या खोलीत बसून टाइप करते. त्या संध्याकाळी तिने सतरा पानं टाइप केली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मंजुरीला ठेवली गेली. अध्यक्ष म्हणाले, "सर्वांनी वाचलं आहे, असं समजू या का?" सगळे म्हणाले, "समजू या." मी चहा देत होते. पाच जणांनी बिस्किट एका हातात धरून दुसऱ्या हाताने सह्या केल्या. शेवटची सही मेजरसाहेबांची. वर ठराव झाला, की हे इतिवृत्त काना-मात्रेचाही फरक न करता मंजूर करण्यात येत आहे. ही ओळ प्रत्येक इतिवृत्ताखाली असते. आजवर तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

मंजूर प्रत फलकावर लागली. दुपारी काकू माझ्या गाडीपाशी आली. "बाई, जरा चल. माझा चष्मा जुना झालाय, मला काहीतरी भलतंच दिसतंय." मी गेले. तिने बोट ठेवलं तिथे वाचलं: 'आमच्या विमानाच्या फेरीत सदर इमारत पाडली.' मी पुन्हा वाचलं. "पाडली ना?" काकू म्हणाली. "पाडली," मी म्हटलं. तिने माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं आणि मग बाकावर जाऊन बसली, वीट मांडीवर घेऊन. मी तिला चहा दिला तर तिला कप धरता येईना. मलाच तो तिच्या तोंडाशी धरावा लागला.

मी धावत ताईच्या खोलीत गेले. "ताई, मेजर 'पडली' म्हणाले होते."

"मग?"

"तू 'पाडली' टाइप केलंस."

ताईने प्रत काढून पाहिली. चष्मा कपाळावर गेला. तिचा चेहरा खर्रकन उतरला. "अगं बाई," ती म्हणाली, "सवय." इतकी वर्षं घरात तिने दर 'फुटला'चा 'फोडला' केला होता, आता बोटांनी तिला न विचारता 'पडली'ची 'पाडली' केली होती.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात तो शब्द मोठ्या अक्षरांत आला आणि नगरसभेत एकच गोंधळ उडाला. इमारत पाडल्याचं लष्कराला मान्य, खाली मेजरांची सही. अकरा माणसांची चौकशी चार वर्षांत सुरू झाली नव्हती. कान्याची चौकशी तासाभरात सुरू झाली. आणि आश्चर्य म्हणजे, कालपर्यंत ज्यांना एक कर्ता सापडत नव्हता त्या सगळ्यांना आता कर्ता हवा होता. काना आला कुठून? कुणी घातला? कुणाच्या सांगण्यावरून घातला? किती वाजता घातला? 'काना पडला असेल' असं कुणीतरी म्हणालं, तर अध्यक्ष गरजले, "असे काने आपोआप पडत नसतात." मी ट्रे घेऊन उभी होते. मला हसू आवरेना, म्हणून मी ट्रे तोंडापुढे धरला आणि दोन कप पाडले. हो, मी पाडले.

पुरावा म्हणून टेप मागवली. टेपवर तीन तास फक्त पंखा ऐकू आला, कारण माइक पंख्याखाली ठेवला होता. मग ताईची लघुलिपीची वही मागवली. लघुलिपीत स्वर लिहीत नाहीत, वेळ वाचावा म्हणून फक्त व्यंजनांची खूण करतात. 'पडली' आणि 'पाडली' दोन्हींची खूण एकच. सगळ्यांनी ती वही आलटून पालटून, उलटी धरूनसुद्धा पाहिली. शेवटी ठरलं की दुसऱ्या दिवशी टंकलेखिकेला उभं करायचं.

ताईच्या निवृत्तीला आठ महिने राहिले होते. तीस वर्षांत तिच्या कागदावर एक डाग नव्हता. संध्याकाळी आम्ही तिघं स्वयंपाकघरात बसलो. भावोजी कचेऱ्यांची यंत्रं दुरुस्त करतात, ताईचा टाइपरायटरही त्यांच्याकडेच असतो. ते म्हणाले, "मी दाखला देतो, की कान्याची कळ चिकटते."

"चिकटते का?" ताईने विचारलं.

"नाही."

"मग?"

"चिकटवता येईल. मी चिकटवीन. बघ, कर्त्यासकट सांगतोय."

ताई हसली, पण डोळे हसले नाहीत. मग मी तोंड उघडलं. मला तिची फार काळजी वाटत होती, आणि काळजी वाटली की मी भांडते. "काना पडला म्हण आणि मोकळी हो," मी म्हटलं. "सगळं जग तसंच बोलतं. तू एकटी कशाला शहाणपण दाखवतेस? नोकरी जाईल."

"आणि काकूचं काय?"

"काकूचं काय? तू चूक म्हटलंस तरी ते काना काढणार, यंत्राची म्हटलंस तरी काढणार. काकूच्या हाती वीटच राहणार. निदान तू तरी वाच."

ताईने चष्मा कपाळावर चढवला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "म्हणजे तुझं म्हणणं, आपला आपण आला?"

मी उठून भांडी आवरायला लागले. भांडी घासलेलीच होती.

दुसऱ्या दिवशी सभागृह खच्चून भरलं होतं. मी चहाची गाडी दारात आडवी लावून तिथेच उभी राहिले. काकू पहिल्या रांगेत होती, तिच्या समोर मेजरसाहेब. ताई निळी साडी नेसून, हातात वही घेऊन उभी राहिली. अध्यक्षांनी विचारलं, "इतिवृत्तात जो काना आढळला, तो आपण घातलात का?"

"हो."

अध्यक्षांना हे उत्तर अपेक्षित नसावं. त्यांच्यापुढे पुढचे अकरा प्रश्न लिहिलेले होते, ते सगळे फुकट गेले. त्यांनी कागद चाळले आणि म्हणाले, "मुद्दाम?"

"नाही. माझ्या लक्षातही आलं नाही. साहेब 'पडली'च म्हणाले होते. टाइप करताना सवयीने 'पाडली' केलं."

"म्हणजे हेतू नव्हता?"

"नव्हता."

अध्यक्षांचा जीव भांड्यात पडला. ते मायेने म्हणाले, "मग काही प्रश्नच नाही. आपण असं नोंदवू या, की कोणताही हेतू नसताना मजकुरात काना पडला."

"पडला नाही, साहेब," ताई म्हणाली. "मी घातला. हेतू नव्हता, पण हात माझा होता."

मला तिचा भयंकर राग आला आणि त्याच वेळी इतका अभिमान वाटला की मी गाडीचा दांडा दोन्ही हातांनी धरून ठेवला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कुणी काहीच केलं नाही. मेजरसाहेब आपल्या हातांकडे बघत होते. तेवढ्यात काकू बसल्या जागेवरूनच बोलली, अगदी साध्या आवाजात, बटणाचा भाव सांगावा तशी. "बघा," ती म्हणाली, "बोलली, आणि अजून उभी आहे."

अध्यक्षांनी घसा साफ केला. चूक कबूल झाली, आता दुरुस्ती केली की संपलं. पण मंजूर झालेलं इतिवृत्त दुरुस्त कसं करायचं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण मंजूर इतिवृत्त आजवर कुणी वाचलंच नव्हतं. ताईला ठाऊक होतं. ती स्वतः जाऊन कपाटातून दुरुस्तीचा फॉर्म घेऊन आली, धूळ झटकली आणि नियमही तिनेच वाचला: ज्याचं विधान असेल त्याने सर्वांसमोर योग्य शब्द स्वतःच्या अक्षरात लिहावा आणि खाली सही करावी. तोवर काना-मात्रेचाही फरक न करता मंजूर मजकूर कायम राहील.

फॉर्म मेजरसाहेबांपुढे ठेवला. पंख्याच्या वाऱ्याने तो उडू लागला. त्यांनी एका हाताने धरला, तर दुसरीकडून उडाला. काकू उठली. पिशवीतून वीट काढली आणि फॉर्मच्या वरच्या कोपऱ्यावर ठेवली. "लिहा," ती म्हणाली. "आता हलणार नाही." मग ती जागेवर गेली नाही. तिथेच उभी राहिली.

मेजरसाहेबांनी पेन उघडलं. एकच शब्द लिहायचा होता. आदल्या दिवशीपर्यंत तो त्यांनी बोलून दाखवला होता, छापील पत्रांत पाठवला होता, चार वर्षं वापरला होता. त्यांनी 'प' लिहिला. आणि थांबले. पुढे 'ड' लिहायचा की काना द्यायचा, एवढाच प्रश्न होता. माझ्या जागेवरून मला त्यांचं पेन दिसत होतं. ते कागदावर टेकलेलं होतं आणि शाईचा ठिपका मोठा होत होता. त्यांनी विटेकडे पाहिलं. मग काकूकडे पाहिलं. मग अध्यक्षांना विचारलं, "हे आपण लिहिलंत तर?"

"नियमाप्रमाणे मूळ वक्त्यानेच," अध्यक्ष घाईने म्हणाले आणि खुर्ची थोडी मागे घेतली.

मेजरसाहेबांनी पेनला टोपण लावलं. "उद्या येऊन पूर्ण करतो," असं काहीतरी ते पुटपुटले आणि टोपी घेऊन निघाले. जाताना कुणाला दिसू नये म्हणून की काय, माझ्या गाडीला वळसा घालून गेले.

ते उद्या आले नाहीत. परवाही आले नाहीत. अध्यक्षांना विचारलं की ते म्हणायचे, "दुरुस्ती होईल." कुणी करील असं ते म्हणत नव्हते. फॉर्म ताईच्या कपाटात राहिला, त्यावर एकच अक्षर, 'प', आणि शाईचा ठिपका. एका महिन्याने नियमानुसार मंजूर मजकूर पुढे गेला, आणि मजकुरात इमारत पाडलेली होती. म्हणून प्रकरण चौकशी समितीकडे गेलं. चार वर्षं कुणीही कशाखाली 'मी' लिहायला तयार नव्हतं. तेच आता त्यांच्या मुळावर आलं, कारण 'पडली' लिहायलाही कुणीतरी मी लागत होता.

ताईला शिक्षा म्हणून ताकीद द्यायचं ठरलं. पत्र आलं: 'आपणास सक्त ताकीद देण्यात येत आहे.' खाली सही नव्हती. ताईने ते शेरा मारून परत पाठवलं: 'कोण देत आहे?' त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

चौकशीत पुढे काय होईल ते मला सांगता येत नाही. काकूला दोनदा बोलावलं होतं. ती पहिल्यांदा गेली तेव्हा तिथला पहिला प्रश्न ताईनेच टाइप केलेला होता: 'इमारत कोणी पाडली?' काकूने तो कागद घडी करून मागितला. मिळाला नाही, तर नुसता हात फिरवून परत दिला. मेजरसाहेब एकदा माझ्या गाडीपाशी आले, साध्या कपड्यांत. चहा घेतला, कप परत आणून ठेवला आणि विचारलं, "तो फॉर्म अजून आहे का?"

"आहे," मी म्हटलं. "'प' आहे."

त्यांनी चहाचे पैसे गाडीवर मोजून ठेवले. मग म्हणाले, "राहू दे."

ताई निवृत्त झाली त्या दिवशी काकू आली होती. तिने पिशवी ताईच्या टेबलावर ठेवली. "हे तुझ्याकडे असू दे," ती म्हणाली. "आता मला दाखवत फिरायला नको. कागदावर आलंय, माझं घर पडणारं नव्हतं." पहारेकऱ्याने शेवटची नोंद केली: 'वीट एक, कानाबाईंकडे.'

दुपारी मी आणि ताई ती वीट आळीपाळीने उचलत घरी आलो. ताईने ती स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवली, जिथे पूर्वी आईची बरणी असायची तिथे. मी चहा टाकला. तिच्याकडे पाठ करूनच मला बोलता येणार होतं, म्हणून चहाकडे बघत बोलले.

"ताई, ती बरणी."

"कुठली?"

"निळी. आईची. मी नेहमीच म्हणते ना, फुटली म्हणून." मी चहा ढवळला. "फुटली नव्हती. मी फोडली. तू नुसती जवळ उभी होतीस."

पन्नास वर्षं होत आली होती त्या दुपारला. मी वळून पाहिलं. ताईने कपाळावरचा चष्मा खाली घेतला होता आणि ती माझ्या पायांकडे बघत होती.

"पायात चप्पल होती का तुझ्या?" तिने विचारलं.

"नव्हती," मी म्हटलं.